ढवळ्याची पेटी

४ ऑक्टोबर, शनिवार

आज मोठी सावली काढली. नणंद पूनम म्हणत होती, दोरी तुटणार. तुटली नाही. दोनदा ढील दिली, मग मासा आपणहून वळला, तेव्हा ओढला. ह्या गेममध्ये पाण्यातला मासा दिसत नाही, त्याची सावली तेवढी फिरते. कोण खादाड आणि कोण भित्रा ते मला सावलीवरून कळतं. नणंदबाई गुहेत लढायला, घर बांधायला, जनावरं पकडून माणसाळवायला हुशार. पण पाणी माझं. डिंभ्याची पोर आहे मी, धरणाच्या काठाला वाढलेली, दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे टायरच्या ट्यूबवर बसून जाळी सोडवलेली. गळाची काडी असो की माऊस, हाताला ओढ कळली म्हणजे झालं.

संदीपच्या स्टुडिओतला मिक्सिंगचा कॉम्प्युटर चातुर्मासात रिकामाच असतो. लग्नं नाहीत तर व्हिडिओ कुठले. नवरा शाळाशाळांतून आयडी कार्डाचे फोटो काढत हिंडतो, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत आम्ही दोघी समुद्रावर. त्याची अट एकच. तुळशीचं लग्न लागलं की खुर्ची खाली करायची.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी पासपोर्ट फोटोची दोन गिऱ्हाइकं. मग शांत.

आमिषावरून पू.शी वाद. ती कुठले कुठले व्हिडिओ बघून सांगते की लाल बोरं लावायची. मी म्हणते बारीक मासाच लाव, मोठ्याला बारीकच लागतो. माझं खरं ठरलं. मग मी फुशारक्या मारत झाडाच्या सावलीत गळ टाकून बसले, उन्हात मासा तिथेच येतो म्हणून. बराच वेळ काही नाही. पू. हसून हसून लोळायची बाकी. म्हणाली, वहिनी, ह्या माशांना ऊन लागत नाही, कोणी सांगितलंच नाही त्यांना. तेही खरं निघालं. बरोबरी.

लग्न होऊन घोडेगावात आले तेव्हा पूनम नर्सिंगच्या होस्टेलला. सुट्टीत यायची, जेवायची, मोबाईल घेऊन पडायची. मला वाटायचं, हिला मी आवडत नाही. जूनमध्ये कोर्स संपवून घरी आली, नोकरीच्या फोनची वाट बघत बसली, आणि एका दुपारी म्हणाली, वहिनी, एक हात कमी पडतोय, बसतेस का? तेव्हापासून पडद्याचे दोन भाग. डावीकडे ती, उजवीकडे मी.

ढवळ्या आज माझ्या हातचा मासा खाऊन गेला. हे पांढरं पाणमांजर म्हणजे पू.ने पकडलेलं पहिलं जनावर. गेममधली नावं इंग्रजी आणि लांबलचक, आम्ही आमची ठेवली. तो तिच्या हाकेला येतो, माझ्या हाकेला फक्त मान वळवतो. आज पहिल्यांदा जवळ आला.

११ ऑक्टोबर, शनिवार

नाव बुडाली.

पू. मंचरला मैत्रिणीकडे गेली होती. आम्ही पलीकडच्या बेटावर घर हलवणार होतो, सामान नावेत भरून ठेवलं होतं. तिने बजावलं होतं की धुकं असताना निघायचं नाही, दोघी असल्याशिवाय तर नाहीच. मला वाटलं, नेऊन ठेवते, आली की चकित होईल. अर्ध्यात धुकं आलं. तरी चालवली. काळ्या खडकावर आपटली आणि तळ फाटला.

मी पोहत काठाला. नावेत पेटी होती. पेटीत पू.चं सगळं, आणि ढवळ्याची कुपी. प्रवासात जनावर कुपीत झोपवून ठेवायचं असतं.

घाबरले मात्र नाही. सवयीप्रमाणे खुणा धरल्या. मागे सुळका आणि पुढे वाकडं नारळाचं झाड एका रेषेत, उजवीकडे दीपगृह आणि फुटकी भिंत एका रेषेत. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे पेटी. मग उठून चहा ठेवला.

पू. संध्याकाळी आली तेव्हा मी पालक निवडत होते. सहज सांगितलं की नाव बुडाली, पण खुणा धरल्यात, निघेल.

"निघेल म्हणजे कशी?"

"पाणी उतरलं की."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "वहिनी, तो समुद्र हाय. त्याचं पाणी कुठं उतरणार?"

पालकाची जुडी हातातच राहिली माझ्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

माझं चुकलं ते असं. आमच्याकडे पाण्यात काही पडलं तर कोणी ओरडत नाही. खुणा धरतात आणि आपापल्या कामाला लागतात. वैशाखात धरण खाली जातं, चिखल उघडा पडतो, मग जाऊन उचलून आणायचं. दादांचा कोयता, शेजारच्या काकूंची कळशी, माझं एक पैंजण, सगळं असंच मिळालं. बुडालेली वस्तू हरवलेली नसते, ठेवलेली असते. हे इतकं अंगात मुरलंय की समुद्र बघूनही डोक्यात धरणच.

पू.ने वाचून सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून : दर वादळाला बुडालेलं सामान आणखी खोल सरकतं. कुपीत थोडं थोडं पाणी शिरतं. फार शिरलं की आतलं जनावर उठत नाही.

जेवताना बोलली नाही. सासूबाईंनी विचारलं, भांडलात का गं? ती म्हणाली, नाय. मी म्हणाले, नाही. दोघींनी एकदम म्हटलं, म्हणजे भांडलोच.

मला वाईट वाटतंय. गेमच आहे, असं म्हणून बघितलं. उपयोग झाला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एकटीच बसले. खुणा बरोबर सापडल्या, रेषा चुकत नाहीत माझ्या. पेटी वरून दिसते, काळपट चौकोन. गळ टाकला, अडकला, ओढला, दोर तुटला. पुन्हा टाकला, पुन्हा तुटला.

दादांना फोन केला. गेमचं काही सांगितलं नाही, सांगून काय कळणार. विचारलं, खोल पाण्यात जड पेटी आहे, वैशाखापर्यंत थांबता येत नाही, कशी काढायची.

"वढू नको. वढलं की दोर जातो. खाली दोन ट्यूबा बांध, हवा भर, तिला हलकी करून घे. पानीच वर आनतं मंग." जरा थांबून, "कुनाची पेटी?"

"पूनमची."

"मंग काढच," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना वाटलं असणार धरणातच पडली, पण कोणी टाकली, का टाकली, एक शब्द नाही. दादांचं हे मला फार आवडतं.

आता समुद्रात ट्यूब कुठून आणू.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सापडली ट्यूब! खडकांच्या खाचेत एक गोल मासा राहतो, भ्याला की टम्म फुगतो आणि वर तरंगायला लागतो. आधी पकडून सोडून दिला होता, निरुपयोगी म्हणून. त्याचं नाव फुगोबा. माणसाळवलेल्या फुगोबाला दोर बांधता येतो का, हे बघायला हवं.

गेममध्ये काल वादळ झालं. पेटी सरकली. सुळका आणि नारळ अजून एका रेषेत आहेत, दीपगृहाची रेषा मात्र चुकली. म्हणजे सरळ बाहेर चाललीय, आडवी नाही. हे बरं. कुठे शोधायची ते तरी ठरलेलं राहील.

वादळानंतर दोर जमवायला निघाले. इथे मला डोकं लढवावं लागलं नाही. वारा जिकडे वाहतो तिकडच्या खाडीत सगळा कचरा गोळा होतो, धरणावर जलपर्णी आणि बाटल्या साचतात तसा. फळ्या, पिंपं, जाळ्यांचे तुकडे. चुंबकाचा गळ टाकला की लोखंड चिकटून येतं. पिंप फोडायचं नाही, तरंगतं तसंच बांधून ओढत आणायचं, नाहीतर आतलं बुडतं. पोटभर दोर मिळाला.

मागे वळून बघते तर पू. दारात. किती वेळ उभी होती देव जाणे.

म्हणाली, "चुंबक पेटीला चिकटणार नाय. ती लाकडाची."

म्हटलं, माहीत आहे. तिने खुर्ची ओढली. डावा पडदा उघडला. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या दोन सावल्या मी नुसत्या बघत राहिले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दोराला फुगोबा बांधता येतो, आणि माणसाळलेला फुगोबा कोळंबी खाल्ली की न भिता हळूहळू फुगतो. पू.ने शोधून काढलं, कुठल्याशा परदेशी पोराने आपली घागर अशी वर काढली होती. पण पेटी जड. तीन तरी लागतील.

चकल्या. भाजणी सैल झाली, तळताना तुटतात. पू. म्हणाली, ढील दे वहिनी. सासूबाईंना कळेना आम्ही का हसतोय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

सकाळी डिंभ्याला गेले. पाच मिनिटांत येते म्हणत होते ती एसटी आलीच नाही, शेवटी संदीपच्या गाडीवर गेले. धरण काठोकाठ. भावाला ओवाळलं. दादांनी कटला माशाचं कालवण केलं होतं. जेवताना विचारलं, निघाली का पेटी? म्हटलं, अजून नाही. म्हणाले, हवा एकदम भरू नको, एकेका बाजूनं भर, नायतर पलटी व्हती. भावाने विचारलं, कसली पेटी? दादा म्हणाले, तू जेव.

परत आले तर घरात पेढे. पूनमला फोन आला. नाशिकच्या हॉस्पिटलात नोकरी, तीन तारखेला हजर व्हायचं. संदीपने तिला ओवाळणीत नवी बॅग दिली. सासूबाई आनंदाने रडल्या. मीही आनंदातच होते, म्हणजे होतेच. पण पहिला विचार आला तो पेटीचा.

तुळशीचं लग्न दोन तारखेला. संदीपला पहिली ऑर्डरही आलीय. म्हणजे खुर्ची आणि पू. दोन्ही एकदमच जाणार.

२५ ऑक्टोबर, शनिवार

फुगोबा पकडण्याची रीत, पुन्हा लागली तर म्हणून लिहून ठेवते. दुपार टळल्यावर जायचं. कोळंबी लावायची, तीही अर्धीच. गळ त्याच्या अंगावर टाकायचा नाही, खाचेच्या तोंडाशी टाकून थांबायचं. तो येतो, बघतो, जातो. पुन्हा येतो. तिसऱ्या खेपेला तोंड लावतो, तेव्हाही ओढायचं नाही. घाबरला की फुगून वर जातो आणि दोर कापतो. खाऊ द्यायचं. पोट भरलं की आपणच मागे मागे येतो.

पू.ला एवढा धीर नाही. ती ओढतेच. मी म्हटलं, अगं पेशंटची शीर सापडत नाही तेव्हा काय करतेस, सुई खुपसत बसतेस का? मग तिने एक अलगद आणला. आता दोन झाले.

सासूबाई चहा घेऊन आल्या, उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं मासं धरता, एक दिवस तरी कालवण झालं का?"

२७ ऑक्टोबर, सोमवार

तिसरा फुगोबा. पू.ने त्यांची नावं ठेवली : बंडू, गुंडू आणि तहसीलदार. तिसरा जरा जास्तच फुगतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हरलो आज. मीच हरवलं. खरं तर आज काढायचीच नव्हती, तालीम करायची होती. तिन्ही फुगोबा नीट बांधले. एकेका बाजूने, दादांनी सांगितलं तसं. पेटी तळ सोडून वर यायला लागली. पू. ओरडायला लागली, आली आली, आणि माझ्यातली धीराची बाई कुठे गेली कोण जाणे, मी ओढलं. दोर ताणला, बंडूची गाठ सुटली, पेटी कलंडली आणि घसरत उतारावरून खाली. दिसेनाशी झाली.

पू. उठून आत गेली. मी बसून राहिले. मग रडले. पस्तिशीची बाई, गेम खेळता खेळता. तेवढ्यात एकजण आधार कार्ड लॅमिनेट करायला आला, त्याने विचारलं, ताई, काय झालं, कोणी गेलं का? म्हटलं, नाही भाऊ, डोळ्यात गेलं काहीतरी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पोळ्या लाटताना पू. मागून आली. म्हणाली, तू ओढलंस कारण मी ओरडले. मी आता ओरडणार नाय, तोंडात रुमाल कोंबून बसते.

मग दोघींनी डोकं चालवलं. उतार थेट तळाला जात नाही, पुढे कपार आहे, तिने नकाशात बघितलं. पेटी कपारीतच अडकली असणार. माझी सुळक्याची रेषा तिथूनच जाते. तहसीलदाराला आधी पाठवायचा, तो सगळ्यात जड उचलतो.

कपारीत आहे! दिसली. आणखी दोर हवा.

संदीप म्हणाला, "शनिवारपर्यंत काय तो समुद्र आटपा. मला सॉफ्टवेअर नवं टाकायचंय." मग जाता जाता म्हणाला, निघेल ना गं? त्याच्याही मनात आहे तर.

१ नोव्हेंबर, शनिवार

निघाली. निघाली. निघाली.

जेवण झाल्यावर बसलो. दुकानाचं शटर अर्धं खाली. पू.ने खरंच ओढणीचं टोक तोंडात धरलं. तहसीलदार, गुंडू, बंडू. एकेकाला एक एक कोळंबी, की हळूहळू फुगतील. पेटी कपारीतून सुटली. मी माऊसवरचा हात काढून मांडीखाली दाबून ठेवला, ओढायची बुद्धीच नको. पाण्याने आणली वर. मग लाटेबरोबर सरकत सरकत काठाला, वाळूवर.

दोघी बराच वेळ नुसत्या बघत होतो. पेटीवर शेवाळ. कुलूप जागेवर. कुलपाला चार आकडे, ते फक्त पू.ला माहीत.

तिने पहिला आकडा फिरवला. दुसरा फिरवला. थांबली.

म्हटलं, काय झालं?

म्हणाली, "मेलेला निघाला तर मी नाशकात रडत बसणार. जिता निघाला तर माझा पाय निघणार नाय."

"मग?"

"संक्रांतीला येते. तवा दोघी बसून उघडू. पेटी वाळूवर हाय, आता पाणी शिरणार नाय."

मला उघडायची होती. फार होती. मला बघायचं होतं की माझ्या चुकीने तो मेला की वाचला. पण पेटी तिची, जनावर तिचं. गेल्या वेळी मी तिला न विचारता नाव हाकली होती. म्हटलं, बरं, संक्रांतीला.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल तुळशीचं लग्न. संदीपने कॉम्प्युटर ताब्यात घेतला. आज सकाळी पूनमला मंचर स्टँडवर सोडलं. नाशिक गाडीत खिडकी मिळाली. डबा दिला, मेथीचे ठेपले आणि सुका जवळा. गाडी हलताना म्हणाली, पेटीला कुंपण घाल गं, रानडुकरं येतात.

घरी आल्यावर तिच्या बाजूची खुर्ची उचलून आत ठेवली. मग पुन्हा बाहेर आणली. गिऱ्हाइकाला बसायला लागते.

१० नोव्हेंबर, सोमवार

लग्नसराई जोरात. मी फोटोंना कोपरे लावते, अल्बम शिवते. समुद्र बंद.

दादांचा फोन. निघाली का पेटी? म्हटलं, निघाली दादा. काय व्हतं तिच्यात? म्हटलं, उघडली नाही अजून, पूनम यायचीय.

मग म्हणाले, "बरोबर हाय. ज्याची त्याच्यापुढंच उघडावी."

१६ नोव्हेंबर, रविवार

संदीप कॅमेरे घेऊन पेठला लग्नाला. दुपारभर कॉम्प्युटर माझा.

आधी पेटीला कुंपण घातलं, इतके दिवस राहूनच गेलं होतं. रानडुकरं फिरकली नाहीत. पेटी आहे. शेवाळ वाळलंय.

मग मोबाईलवर पू.चा मेसेज. वॉर्डात आज तिच्या देखरेखीतले एक आजोबा गेले, पहिलेच. सकाळी त्यांनी तिला हाक मारली होती. खाली एवढंच : आता संक्रांतीची वाट नको, तूच उघड, काय असेल ते मला सांग. आणि चार आकडे.

ताबडतोब फोन लावला. उचलला. बराच वेळ रडली, मी ऐकत राहिले. जेवलीस का, विचारलं. नाही म्हणाली. आधी जेव म्हटलं. मग म्हणाली, उघडलीस?

म्हटलं, नाही.

"का? आकडे बरोबर हायेत."

"असू देत. एकटीने पुन्हा काही करायचं नाही असं ठरवलंय मी. तू ये. मेला असेल तर दोघी रडू, तू तिकडे एकटी नको."

मागून वॉर्डातल्या ट्रॉलीचा आवाज येत होता. मग म्हणाली, सुट्टीचा अर्ज उद्याच टाकते.

फोन ठेवल्यावर कुलपासमोर बसले होते थोडा वेळ. आकडे पाठ झालेत, पाठ करायचे नव्हते तरी. मग उठले, गळ घेतला आणि वाऱ्याच्या बाजूच्या खाडीवर गेले. बारीक मासा भरपूर लागतोय. पेटीशेजारी दोरी बांधून त्यावर वाळत घातलाय, ढवळ्याला आवडतो तोच. उठला तर उपाशीच उठेल तो.